बरं कवा म्हनावं

पुसेगाव, ता. सेनगाव
२४ जुलै

प्रिय करुणाताई,
सप्रेम जयभीम.

हातात फोन असताना ही पत्र काहून लिहून राहिली, असं तुम्हाला वाटेल. आपलं घर तुम्हाला माहीतच आहे. दोन खोल्या आणि मधे पडदा. मी फोनवर काय बोलते ते तुमच्या भावाला ऐकू जातं, आणि मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच. अंगणवाडीतली लेकरं खिचडी खाऊन पेंगायला लागली की मला जरा उसंत मिळते, तेव्हा हे लिहिते आहे. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवा. 'सपना, मदतनीस' एवढं लिहिलं तरी पोस्टमनदादा आणून देतात.

ताई, हे पडून असतात. आज-कालचं नाही, मृगाच्या आधीपासून. सोयाबीनची पेरणी मामाजींनी एकट्यानं उरकली. वायरिंगची कामं येतात, ह्यांचे दोस्त फुलसिंग भाऊजी जीप घेऊन दारात येतात, "चल की रे, सेनगावला दुकानाची फिटिंग करायचीय," म्हणतात. हे "उद्या" म्हणतात. हत्यारांची पिशवी खुंटीला आहे. आपल्याच घरचा पंखा बंद पडलाय आणि हे त्याच्याखाली पडून त्याच्याकडं बघत राहतात. ज्या माणसानं अर्ध्या गावाचे पंखे लावले, त्याला आपला पंखा उतरवायला हात उचलत नाही.

आत्याबाई म्हणतात, लेकरू अशक्त झालंय. दोनदा सलाईनची बाटली लावून आणली. बाटलीनं दोन दिवस तरतरी येते, मग पुन्हा तेच. शेजारच्या जिवनबाई म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, दाखवून या. मामाजी भडकले. "आमी धम्म घेतला तो लिंबं उतरवायला का?" पण तेच मामाजी ह्यांना आळशी म्हणतात. मोबाईलनं पोरं नासली, म्हणतात. आणि बाकीचे लोक काही म्हणत नाहीत, नुसते माझ्याकडं बघतात. लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा नाही. त्यांना वाटतं, कारण मीच.

तुम्ही मनाच्या आजाराच्या वॉर्डात काम करता. मला सांगा, हा आजार आहे का? आजार असेल तर मी घाबरणार नाही. काय करायचं ते करीन. पण काय आहे ते कळाल्याशिवाय मी कशाशी भांडू?

तुमची,
सपना

पुणे
३१ जुलै

प्रिय सपना,
जयभीम.

तुझं पत्र ड्युटीवरून आल्यावर वाचलं आणि चहा तसाच निवला. बरं केलंस लिहिलंस ते.

आमच्याकडं येणारं माणूस दारातून आत आल्या आल्या 'मी उदास आहे' असं कधी म्हणत नाही. म्हणतं, छातीवर पाटा ठेवल्यागत होतं. म्हणतं, अन्नाला चव नाही, पाय उचलत नाहीत, डोक्यात भुंगा फिरतो. म्हणून त्याला 'मन उदास आहे का' असं विचारू नकोस, तो नाही म्हणेल. पहाटे फार लवकर जाग येते का ते विचार. जेवताना चव लागते का, पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का ते विचार. कुणी काही न बोलता तो स्वतःला दोष देतो का ते बघ. आणि हे रोजच, दिवसभर असं आहे की मधे एखादा बरा दिवस जातो, तेही बघ.

आणखी एक प्रश्न आहे. तो विचारायला तुझी जीभ रेटणार नाही. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचार. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. असला तर त्याला बाहेर यायला वाट मिळते, एवढंच. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर हे पत्र वाचून झालं की आधी ते घराबाहेर हलव. कुणाला कारण सांगत बसू नकोस.

मग त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ने. तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. सलाईननं हे जाणार नाही. हे आळसानं झालेलं नाही आणि तुझ्यामुळंही झालेलं नाही. हे मी त्याची बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते.

माझ्या फोनमध्ये त्याचं जयंतीचं भाषण आहे, तू पाठवलेलं. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरना मी ते दाखवलंय. आमच्या घरात स्टेजवर उभं राहून बोललेला तो पहिला. जीव जड झाला की मी ते लावून बसते. तोच धम्मदीप आपल्याला परत आणायचाय, सपना. आणू.

तुझी,
करुणाताई

पुसेगाव
१९ ऑगस्ट

प्रिय करुणाताई,
सप्रेम जयभीम.

पहिलं काम पहिल्यांदा केलं. फवारणीचा कॅन पोत्यात घालून फुलसिंग भाऊजींच्या घरी ठेवून आले. ते म्हणाले, "वहिनी, आमच्या वावरात मारायला देऊन राहिल्या का?" मी म्हटलं, ठेवा, मागू नका, कुणी मागितला तरी देऊ नका. ते समजले. हसायचे थांबले आणि पोतं आत घेऊन गेले.

प्रश्न मी बांधावर विचारले. घरात जमलं नसतं. ह्यांना म्हटलं, मला एकटीला गवत आणायला भ्या वाटतं, सोबत चला. बाकीच्या प्रश्नांना नुसतं हूं, हूं. शेवटचा विचारायच्या आधी मी हातातला विळा खाली ठेवला. ह्यांनी गवताची एक पेंढी बांधली. मग म्हणाले, "सकाळी जाग आली की वाटतं, काहून आली."

मी रडले नाही. म्हटलं, उद्या हिंगोलीला जायचं. नाही म्हणाले. म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाते आणि डॉक्टरसमोर तुमच्याबद्दल मला वाटेल ते सांगून येते. मग आले.

आत्याबाई सोबत होत्या. डॉक्टर तरुण आहेत, घाई करत नाहीत. तुम्ही लिहिले होते जवळजवळ तेच सगळे प्रश्न त्यांनी विचारले, ह्यांना वेगळे आणि आम्हाला वेगळे. एक प्रश्न मात्र तुमच्या पत्रात नव्हता. ते म्हणाले, "याच्या उलट कधी झालं होतं का? नेहमीपेक्षा फार उत्साह, झोप कमी, बोलणं जास्त?"

आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई साहेब. उन्हाळ्यापस्तोर माझं पोरगं एकदम बराबर होतं. लय गुणाचं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मीही नाही म्हणून मान हलवली.

गोळी सुरू झाली आहे. रात्रीची एक. मी समोर उभी राहून देते.

तुमची,
सपना

पुणे
२६ ऑगस्ट

प्रिय सपना,

फार शहाण्यासारखं वागलीस. विळा खाली ठेवलास ते वाचून मी पत्र जरा वेळ मिटून ठेवलं.

गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला पोट बिघडेल, तोंड कोरडं पडेल, तो म्हणेल, मला नको. बंद करू नका आणि आपल्या मनानं वाढवूही नका. आधी झोप सुधारेल, मग भूक, आणि मनाचं शेवटी. माय सलाईनचं म्हणालीच तर म्हण, डॉक्टरनं मना केलंय. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी.

तू स्वतः जेवतेस ना नीट?

करुणाताई

पुसेगाव
१८ सप्टेंबर

प्रिय करुणाताई,
सप्रेम जयभीम.

ताई, तुमचा भाऊ उठला.

मागच्या आठवड्यात मी अंगणवाडीतून आले तर पंखा फिरत होता. मी दारातच उभी राहिले. हे स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "सपना, बघ." नावानं हाक मारली, आत्याबाईंच्या देखत.

त्या दिवसापासून घर भरून गेलंय. हे उजाडायच्या आत उठतात. झोपतात कधी तेच कळत नाही, पण थकवा म्हणून नाही. विहाराच्या बाजूला अभ्यासिका बांधायची म्हणतात. नुसतं म्हणत नाहीत. आपल्या गोठ्याचे पत्रे उतरवून तिकडं नेऊन ठेवलेत. म्हैस उघड्यावर आहे, पण मामाजींना कौतुक. पारावर कुणी विचारलं तर म्हणतात, "माझा धम्मदीप हाय ना, जिल्ह्यात पहिली अभ्यासिका आमच्या पुसेगावात करून राहिला." लोक ऐकायला जमतात. ह्यांचं बोलणं एका गोष्टीवरून दुसरीवर जातं, दुसरीवरून तिसरीवर, आणि सगळ्यांना हसवतात. आत्याबाईंनी पुरण घातलं. जिवनबाई म्हणाल्या, जयंतीचा धम्मदीप परत आला.

खरंच तसंच आहे, ताई. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधीचे पंधरा दिवस अगदी असेच होते. गल्लीभर रोषणाई ह्यांनी एकट्यानं केली. पहाटेपर्यंत खांबावर काम करायचे, मग येऊन माझ्याशी बोलत बसायचे. लग्न झाल्यापासून एवढं बोलले नव्हते. माझ्याकडून माझं लहानपण ऐकून घेतलं. वसमतच्या शाळेत मी पहिली आले होते ते आजवर कुणी विचारलं नव्हतं, ते ह्यांनी विचारलं.

परवा हातातलं घड्याळ काढून एका अनोळखी माणसाला देऊन आले. फुलसिंग भाऊजी तेवढे गप्प आहेत. मला म्हणाले, "वहिनी, मोटरसायकल त्यानं माझ्या पोराला देऊन टाकली. मी चावी ठेवून घेतली. तुमाला सांगितलेलं बरं." दिलदार माणूस आहे, दुसरं काय.

तुमचे उपकार कसे फेडू.

तुमची,
सपना

पुणे
२३ सप्टेंबर, स्पीड पोस्टनं

सपना,

हे पत्र नीट, दोनदा वाच.

तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. मग झोपेचं वाक्य पुन्हा वाचलं. झोप नाही आणि थकवा नाही. चिंतेनं झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी मेल्यासारखा असतो. ज्याला झोपेची गरजच वाटत नाही, त्याचं दुखणं वेगळं असतं. हे मी नव्या सिस्टरना शिकवते.

मग मी जयंतीचं भाषण लावलं, पण आवाज बंद करून. आवाज असला की मी त्याची बहीण होते. शब्द गेले आणि मला माझ्या वॉर्डातला पेशंट दिसला. हात थांबत नाहीत. डोळे एका माणसावर टिकत नाहीत. मागून कुणीतरी तीनदा त्याचा शर्ट ओढून बसायला सांगतं, त्याला ते कळतही नाही. समोरचे लोक सुरुवातीला टाळ्या वाजवतात आणि शेवटी उठून जायला लागतात. एवढ्या वेळा पाहिलं, लोक उठून जाताना मला कधी दिसलेच नाहीत.

एकाच आजाराची ही दोन टोकं आहेत. एका टोकाला माणूस पडतो, दुसऱ्या टोकाला उडतो. नुसतं पडणं बघून जी गोळी देतात, ती अशा माणसाला कधी कधी वर फेकते. म्हणून डॉक्टरनं तो प्रश्न विचारला होता. आपण सगळ्यांनी त्याला नाही म्हटलं. तुम्ही तिथं म्हटलंत, मी इथं बसून म्हटलं.

ताबडतोब त्याला घेऊन जा. एप्रिलचं सगळं सांग. घड्याळ सांग, मोटरसायकल सांग, पत्रे सांग. मी मायला फोन करते.

करुणा

पुसेगाव
२९ सप्टेंबर

ताई,

तुमचा फोन आला तेव्हा मी पडद्याच्या अलीकडंच होते. आत्याबाई काय म्हणाल्या ते मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंच. "तू तिकडं येड्यांत राहून राहून सगळ्यांला येडं म्हनून राहिली." त्या तसं बोलल्या याचं मला वाईट वाटलं. पण ताई, पहिल्यांदाच मला त्यांची बाजू पटली.

तुम्ही ते भाषण आवाज बंद करून बघितलं. मी ते आवाजासकट जगले आहे. ते पंधरा दिवस आजार होते, आताचेही आजार म्हणता. मग मला नावानं हाक मारली ती आजारानं मारली का? मी शाळेत पहिली आले हे आजारानं ऐकून घेतलं का? पडलेल्या नवऱ्याला आजारी म्हणायला मला काही वाटलं नाही. बोलणाऱ्याला कशी म्हणू? माझ्याकडं तेवढेच दिवस आहेत.

मामाजी दोन दिवस जेवले नाहीत. म्हणतात, "आपल्या सात पिढ्या मान खाली घालून गेल्या. एक पोरगं तोंड उघडून बोललं, तर माझीच लेक म्हणते त्याला गोळ्या द्या." मी काय उत्तर देऊ?

आणि आत्याबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं. मला नाही, तव्यालाच विचारल्यागत. "पोरगं पडून होतं तवा आजारी. उठून बसलं तवाबी आजारी. मग बरं कवा म्हनावं?"

याचं उत्तर द्या. मग मी काय करायचं ते ठरवीन.

सपना

पुणे
४ ऑक्टोबर

प्रिय सपना,

तू रागावलीस ते मला आवडलं. उगाच हो म्हणाली असतीस तर मला जास्त भीती वाटली असती.

धम्मदीपला मी फोन केला होता. तो तासभर बोलला, मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. तो किती हसत होता. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मी कशी आहे ते त्यानं विचारलं नाही. तो पडून होता तेव्हासुद्धा विचारायचा.

मायचा प्रश्न बराबर आहे. मोठमोठे डॉक्टर यावर डोकं खाजवतात. मला एवढं कळतं. बरा माणूस म्हणजे गप्प माणूस नव्हे. बरा माणूस दुसऱ्याचं 'नाही' ऐकू शकतो. तो म्हशीचं छप्पर काढताना म्हशीकडं एकदा बघतो. काल दिलेला शब्द त्याला आज आठवतो. तो बोलतो आणि मधे थांबतो, कारण समोरच्यालाही काही म्हणायचं असेल असं त्याला वाटतं.

बाबांना सांग, भाषणात तो जे बोलला ते त्याचंच होतं. तो सातवीत असल्यापासून ते त्याच्या पोटात होतं. आजारानं त्याला शब्द दिले नाहीत, फक्त त्याचं थांबणं काढून घेतलं. गोळी शब्द काढत नाही. शब्द गेले असं मला वाटलं तर मीच पहिली डॉक्टरशी भांडेन.

आणि तुझं. तुला नावानं हाक मारली ती त्यानंच मारली. ती परत मिळेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. खोटी आशा दाखवायला मी शिकले नाही. पण तो जगला तर हाक मारणारं तोंड तरी राहील. या टोकाला गेलेली माणसं गाडीखाली येतात, विहिरीत उतरतात, आपल्याला काही होणार नाही म्हणतात. मी पाहिली आहेत.

मला वीस तारखेपासून रजा मिळाली आहे. पण माझी वाट बघू नकोस. मी घरात राहत नाही. डॉक्टर माझं ऐकतील, पण त्यांना हवं ते फक्त तुझ्याकडं आहे. तुला जे सांगायचंय ते त्याच्यासमोर सांग, त्याच्या पाठीमागं नको. तो चिडेल. तरी समोरच सांग.

तुझीच,
करुणाताई

पुसेगाव
१२ ऑक्टोबर

प्रिय करुणाताई,
सप्रेम जयभीम.

हे पत्र दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे, पण पत्ता सवयीनं घरचाच पडला. ह्यांना दाखल केलंय. जिवाला धोका नाही. आता सगळं सांगते.

तुमचं पत्र आलं तरी मी गप्प बसले होते. आज सांगू, उद्या सांगू. परवा दुपारी हे अभ्यासिकेला वीज ओढायची म्हणून खांबावर चढले. लाईन चालू होती. खालून फुलसिंग भाऊजी ओरडत होते, "अरे, डीपीचा फ्यूज तर काढू दे." हे वरून हसून म्हणाले, "करंट मला वळखतो." ताई, हा माणूस घरातला बल्ब बदलतानाही मेन बंद करायचा. मला शिकवलं ते ह्यांनीच. भाऊजी लाईन बंद करायला डीपीकडं पळाले. ह्यांचा हात तारेकडं जात होता. मी खालून ओरडले नाही. ओरडले असते तर दचकले असते. मी वर बघत हळू आवाजात म्हटलं, मला तुमच्याकडून ते कलेक्टरसाहेबांना सांगायच्या योजनेचं पुन्हा ऐकायचंय. सगळ्या जिल्ह्याला रोषणाई करायची, ही ह्यांचीच योजना आहे. ती सांगायला लागले आणि हात तिथंच थांबला. मग लाईन गेली.

ते उतरल्यावर मी आत्याबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्ही विचारलं होतं ना, बरं कवा म्हनावं? हे बरं नाही. मला एवढं कळालं. त्या खांबाकडं बघत होत्या. म्हणाल्या, "जीप सांग."

ह्यांना मी फसवलं नाही. म्हटलं, कलेक्टरकडं जाऊ, पण आधी दवाखाना. हे खूश. "डॉक्टरलाबी योजना सांगतो." जीपमध्ये मामाजी पुढं बसले.

डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मामाजी भिंतीकडं तोंड करून उभे. हे बोलतच होते. मी म्हटलं, साहेब, मागच्या वेळी मी खोटी मान हलवली. एप्रिलमध्ये पंधरा दिवस हे असेच होते. मग मी सगळं सांगितलं. रोषणाई, पहाटेपर्यंतचं बोलणं, घड्याळ, गोठा, खांब. एक गोष्ट सांगू नये असं वाटत होतं, तीही सांगितली. म्हटलं, साहेब, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते, म्हणून मला ते आजार वाटले नाहीत.

हे बोलायचे थांबले. कितीतरी दिवसांनी थांबले. माझ्याकडं असं बघितलं की मी खाली जमिनीकडं बघायला लागले. म्हणाले, "तूबी?"

मी म्हटलं, "व्हय. मीबी."

नंतर त्यांनी टेबल ढकललं, पाणी सांडलं, मला नको ते बोलले. ते तुम्हाला लिहीत नाही. मामाजींनी त्यांना मागून मिठीत धरलं. मारायला नाही, लहान लेकराला धरतात तसं. त्यांच्या कानात म्हणत होते, "बोल रं राजा, उद्या बोल. आज झोप."

आधीची गोळी बंद केली आहे. दुसरी सुरू केली. तिच्यासाठी रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागतं म्हणाले. मी विचारून विचारून सगळं समजून घेतलं.

तुम्ही या. पण घाईनं नको. मी आहे.

तुमची,
सपना

पुसेगाव
२७ नोव्हेंबर

प्रिय करुणाताई,
सप्रेम जयभीम.

तुम्ही येऊन गेल्यापासून घर जरा रांगेला लागलंय. मामाजींनी आणि फुलसिंग भाऊजींनी गोठ्याचे पत्रे परत बसवले. गावातले लोक विचारतात, अभ्यासिकेचं काय झालं? मामाजी सांगतात, "पोरगं आजारी हाय. बरं झालं की बघू." पारावर बसून, सगळ्यांसमोर. आजारी हा शब्द त्यांनी वापरला. कोणता आजार असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मनाचा. काहून, तुमाला मन न्हाई का?"

हे बराच वेळ झोपतात. हाताला थोडा कंप आहे. डॉक्टर म्हणाले, गोळीचं प्रमाण बघू. हळूहळू कामाला लागलेत, भाऊजींसोबत, फक्त खालची कामं. खांबाची नाहीत.

पण तुम्हाला खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. माझ्याशी बोलत नाहीत. दाखल केलं त्या दिवसापासून नाही. मी जेवण वाढलं की जेवतात, मी आंघोळीचं पाणी काढलं की घेतात. गोळी मात्र आत्याबाईंच्या हातून. माझ्या हातून घेत नाहीत. नावानं हाक तर सोडाच, 'अगं'सुद्धा नाही. आत्याबाईंना वाईट वाटतं. म्हणतात, "लेकी, त्याच्या मनातलं जाईल." मी म्हणते, जाईल नाहीतर न जाईल, गोळी पोटात गेली की झालं. तसं म्हणते खरी. रात्री भिंतीकडं तोंड करून झोपते.

कधी कधी वाटतं, त्या दिवशी मी पुन्हा मान हलवली असती तर? मग खांब डोळ्यांसमोर येतो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच सांगीन. हे मी स्वतःला पटवायला लिहीत नाही. पटलेलंच आहे. नुसतं दुखतं.

काल रक्त द्यायला आणि दाखवायला गेलो होतो. आत्याबाईंचे गुडघे धरलेत, म्हणून आम्ही दोघंच. जीपमध्ये हे पुढं, मी मागं. दवाखान्यात बाकावर बसलो ते मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. नंबर आला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, बरोबर आहे म्हणाले. मग ह्यांना विचारलं, "काय धम्मदीप, घरी कसं चाललंय? झोप किती? चिडचिड होते का? पुन्हा जास्त उत्साह वगैरे?"

हे आपल्या हाताकडं बघायला लागले. मला वाटलं, 'चांगलं आहे' म्हणतील आणि उठतील. उठले नाहीत. माझ्याकडं बघितलं नाही, नुसती हनुवटी माझ्या दिशेनं हलवली.

म्हणाले, "हिला विचारा."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी खुर्ची पुढं ओढली आणि सांगायला लागले.

तुमची,
सपना